वाचलं असं समजून

"सूचक कोण आणि अनुमोदक कोण, तेवढं वहीत बघून सांग मला," थोरल्या बाई फोनवर म्हणाल्या. "मग बघते एकेकाकडे."

ठकीच्या तोंडाशी नेलेला चमचा तिथेच थांबला. ठकीने आधी चमच्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि आईचं काही खरं नाही असं दिसल्यावर स्वतःच तोंड पुढे करून तो पकडला.

"बघते, बाई," ठकीची आई म्हणाली.

"आज ग्रंथपाल आला होता पुस्तकं घेऊन. म्हणे, पुढच्या महिन्यापासून घरपोच सेवा बंद. समितीचा ठराव झालाय. अगं, समितीत मीही आहे ना? की मला जिवंतपणीच भिंतीवर टांगलंय? मला कोणी विचारलं नाही. तू तर कार्यवाह. तुला तरी विचारलं का?"

ठकीच्या आईला वहीत बघायची गरजच नव्हती. वही तिच्याच कपाटात, ठकीच्या दुपट्यांखाली होती. ठराव क्रमांक सात, वाचनालयाची घरपोच सेवा बंद करण्याबाबत. त्याखाली 'अनुमोदक' या शब्दापुढे तिच्याच वळणदार अक्षरात थोरल्या बाईंचं नाव होतं, आणि शेजारी बाईंची थरथरती, पण पूर्ण सही.

"बघते," ती पुन्हा म्हणाली, आणि ठकी रडतेय असं सांगून तिने फोन ठेवला. ठकी रडत नव्हती. ठकी खुशीत टेबल बडवत होती.

वाचनालय कोणा एकाच्या मालकीचं नव्हतं. एका सद्गृहस्थांनी फार पूर्वी दिलेली दुमजली इमारत, अकरा जणांची समिती, आणि समितीने नेमलेला एक ग्रंथपाल, एवढाच कारभार. वर्गणीतून विजेचं बिल निघे, रद्दीतून चहा निघे, आणि बाकी सगळं देणगीदारांच्या मर्जीवर चाले. नियम मात्र खणखणीत होते. सहा जण हजर असल्याशिवाय ठराव करायचा नाही. प्रत्येक ठरावाला एक सूचक हवा, म्हणजे मांडणारा, आणि एक अनुमोदक हवा, म्हणजे त्याला दुजोरा देणारा.

सहा जण कधीच जमत नसत. एकाचा दवाखाना, एकीची नातवंडं, एकाचं "निघालोच" जे घराच्या दाराशीच संपायचं. म्हणून तिथे एक पद्धत पडली होती. बैठकीत काय झालं ते कार्यवाहाने बैठकीच्या आधीच लिहून काढायचं, मागच्या वर्षीचं पान समोर ठेवून. बैठकीला येतील तेवढ्यांनी चहा प्यायचा. मग वही घरोघर फिरवायची. ज्याने सही केली तो हजर. पुढच्या बैठकीत पहिला विषय असे, मागचं इतिवृत्त वाचून कायम करणे. अध्यक्ष साहेब विचारत, "वाचलं असं समजायचं ना?" सगळे म्हणत, "समजायचं." पुस्तकांनी भरलेल्या त्या इमारतीत न वाचता पुढे सरकणारी तेवढी एकच वही होती.

आणि अनुमोदक नेहमी थोरल्या बाई. वीस वर्षं त्याच कार्यवाह होत्या. त्यांचं नाव दिसलं की हिशेब तपासायला येणारा माणूससुद्धा चष्मा काढून डोळे चोळायचा आणि पान उलटायचा.

ठकीची आई या वहीत अडकली ती अक्षरामुळे. ठकी पोटात असताना डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं. चालत चालत ती वाचनालयात शिरली, कारण तिथे पंखा होता आणि बसायला खुर्ची होती. सभासद होण्याचा अर्ज भरताना साहेबांनी तिचं अक्षर पाहिलं. "अहो, असं अक्षर घरी काय वाणसामानाच्या याद्या करायला ठेवलंय?" झालं. ठकी जन्मायच्या आधी ती समितीत आली, आणि ठकीला पहिला दात यायच्या आधी कार्यवाह झाली. नवरा म्हणाला, "पगार?" ती म्हणाली, "चहा." तरी तिला ते आवडायचं. आठवड्यातले ते दोन तास कोणी तिला बाटली कुठे आहे, झबलं कुठे आहे, असं विचारत नसे. ठकीच्या पिशवीत लंगोटांच्या घडीशेजारी ती लाल पाठीची वही असायची, आणि ती वही खांद्याला लागली की तिला आपलं वजन थोडं वाढल्यासारखं वाटायचं.

मग फरशीवाले आले. त्यांचं फरशांचं मोठं दुकान होतं, मन त्याहून मोठं होतं, आणि भाऊ तीन होते. पाच वर्षांचा सगळा खर्च ते उचलणार होते, ग्रंथपालाच्या पगारासकट. अट एकच. "जे काय करायचं ते इमारतीच्या आत करा. माणसं आत आली पाहिजेत, बसलेली दिसली पाहिजेत. तुमची ती पुस्तकं स्कूटरवरून कुठे जातात, कोण वाचतं, मी माझ्या भावांना काय दाखवू?" माणूस वाईट नव्हता. त्याला दिसणारं पुण्य हवं होतं, इतकंच.

स्कूटरवरून पुस्तकं जायची ती तेवीस घरी. दर गुरुवारी ग्रंथपाल स्वतः मागे दोन खोकी बांधून निघायचा. ज्यांचा जिना सुटला होता, ज्यांची कंबर बसली होती, ज्यांचे डोळे अधू झाले होते, अशी ती तेवीस घरं. थोरल्या बाई त्यातल्याच. डोळ्यांच्या मधोमध त्यांना एक करडा डाग दिसे. कडेकडेने, भिंग धरून, मोठ्या टायपातली पुस्तकं त्या वाचत. एका पानाला अर्धा तास लागे. "काही बिघडत नाही," त्या म्हणत, "पूर्वी मी गिळायचे, आता चावते."

ठराव त्या शुक्रवारपर्यंत फरशीवाल्यांच्या हातात पडायचा होता. गुरुवारी संध्याकाळी ठकीच्या आईने वही फिरवायला घेतली. ठकीचं अंग कोमट होतं, नाक वाहत होतं. नऊ सह्या झाल्या. दहावी बाईंची. तिसरा मजला, खांद्यावर ठकी, काखेत पिशवी. बाईंनी दार उघडलं, आधी ठकीच्या कपाळाला हात लावला, मग ओला रुमाल आणून दिला.

"पुसत राहा हलकेच. आण ती वही. थांब हं, भिंग कुठे ठेवलं मी? बघू तरी काय काय उद्योग केलेत."

"कशाला, बाई? नेहमीचंच आहे."

हे वाक्य तिच्या तोंडून निसटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते निसटलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दम खायला ती थांबली होती, तेव्हाच तिने ते जुळवून ठेवलं होतं. बाई वाचतील, वाचलं तर विचारतील, विचारलं की वाद होईल, वाद झाला की शुक्रवार जाईल, आणि ठकीला तर घरी न्यायचं होतं. नंतर निवांत समजावून सांगू, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"नेहमीचंच ना? मग दाखव जागा."

तिने बाईंचं बोट धरून रकान्यावर ठेवलं. बाईंनी सही केली. वर म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मला बघावं लागत नाही."

निवांत वेळ काही आला नाही. आला तो फोन.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथपालाकडे गेली. तो परत आलेल्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसला होता. दोन मुलींचा बाप, हातावर कायम डिंक. तिने सगळं सांगितलं. पुढच्या बैठकीत आपण उभं राहून बोलणार आहोत, हेही सांगितलं.

त्याने ब्रश बाजूला ठेवला नाही. "बोला की. तुमचं मन हलकं होईल, ताई. माझी चूलही हलकी होईल. काही ठेवायलाच नसेल तिच्यावर."

"तुम्हाला नाही वाटत काही? तुम्हीच जाता ना तेवीस घरी?"

"वाटतं तर." तो पुस्तकाची पाठ दाबत राहिला. "त्या शिंपीकाकांकडे मी दर गुरुवारी पंधरा मिनिटं बसतो. पुस्तक घेतात, पण खरं त्यांना मी हवा असतो. पण ताई, थोरलीची फी भरायची शेवटची तारीख काकांना विचारून ठरत नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग सांगून टाक बाईंना. फार तर रागावतील."

"रागावल्या तर बरंच होईल रे. समजून घेतलं तर काय करू?"

बाई एक दिवसाआड फोन करत. त्यांनी संशयितांची यादी केली होती. "पहिला तो दातांचा डॉक्टर. त्याला माणसाचं तोंड उघडं दिसलं की बंद करायची घाई. दुसरी ती नातवंडवाली. वही सापडली का गं?"

"साहेबांकडे आहे, बाई." वही ठकीच्या दुपट्यांखाली होती. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लावत ती दोन आठवडे चालली. रात्री ठकीला पाजताना ते इवलंसं डोकं हाताशी यायचं, डोळे मिटून, निर्धास्त, काय पाजतेय हे न बघता. ठकीच्या आईला तेवढंही सहन व्हायचं नाही.

पुढच्या बैठकीला कधी नव्हे ते दहा जण आले, कारण शेवटी फरशीवाले येणार होते आणि फोटो होता. थोरल्या बाई तेवढ्या नव्हत्या. तीन जिने. ठकी बापाजवळ होती. टेबलावर नवं कापड अंथरलं होतं.

"विषय पहिला," साहेब म्हणाले. "मागचं इतिवृत्त. वाचलं असं समजायचं ना?"

"समजायचं," सगळे म्हणाले.

"नाही," ठकीची आई म्हणाली. "मी वाचते."

कोणीतरी हसलं. ती उभी राहिली आणि वाचू लागली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. 'सर्वानुमते' हा शब्द एकूण नऊ वेळा आला. प्रत्येक वेळी तिच्या कानाच्या पाळ्या तापत गेल्या. सातव्या ठरावाशी ती थांबली.

"हे खोटं आहे. त्या दिवशी चौघेच होतो. बाईंनी याला अनुमोदन दिलेलं नाही. त्यांना भिंग आणायचं होतं, मी आणू दिलं नाही. नेहमीचंच आहे म्हणाले. घरपोच पुस्तकं बंद होणार, हे त्यांना माहीतही नव्हतं. त्या स्वतः त्याच यादीत आहेत."

दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या सहीकडे बघितलं. "मीही नाही वाचलेलं," ते म्हणाले. "मला वाटलं, कपाटांचं काहीतरी आहे." मग आणखी दोघंतिघं खाली बघू लागले.

साहेब चिडले नाहीत. जमीनमोजणी खात्यात त्यांची हयात गेली होती, चुकीच्या रेघा कशा सरळ करायच्या ते त्यांना ठाऊक होतं. "ठीक आहे. सातवा ठराव रद्द समजू. आज आपण दहा जण आहोत. पुन्हा मांडू, रीतसर हात वर करू. मग कोणाच्या मनाला टोचणी नको. फरशीवाले यायला अजून वीस मिनिटं आहेत."

तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं की रडू आलं. सांगून झालं होतं. जे व्हायचं ते आता उघड्यावर होणार होतं. ती खाली बसली, नवं पान उघडलं, तारीख घातली.

"घरपोच सेवा बंद करण्याच्या बाजूने?"

चार हात वर गेले. तिने चारचा आकडा लिहिला.

"विरोधात?"

पहिला हात दातांच्या डॉक्टरांचा. मग नातवंडवाल्या बाई. मग आणखी दोन. तिने पुन्हा चार लिहिले. साहेबांचं मत फक्त बरोबरी झाली तरच. म्हणजे आता टेबलावर एकच हात उरला होता, आणि तो पेन धरून बसला होता.

"कार्यवाह?" साहेब म्हणाले. "तुमचं?"

दारात ग्रंथपाल चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो काही खुणावत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या मनगटावर वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा होता. तिच्या डोळ्यांपुढे बाईंचं रकान्यावर ठेवलेलं बोटही आलं. एवढं बोलून झाल्यावर आता हात उचलायचा होता फक्त. पेनासकट उचलला असता तरी चाललं असतं.

"मी नोंद घेतेय," ती म्हणाली.

"म्हणजे तटस्थ," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपलं निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिलं. तिने ते लिहिलं. सुबक लिहिलं. वीस मिनिटांनी फोटो निघाला, त्यात ती दुसऱ्या रांगेत आहे.

संध्याकाळी ती वही घेऊन बाईंकडे गेली. ठकी नव्हती, ताप नव्हता, घाई नव्हती. निघायला एकही सबब नव्हती. बाईंनी दार उघडलं तशी ती उंबऱ्यातच म्हणाली, "बाई, अनुमोदक तुम्ही होतात. मी लिहिलं तुमचं नाव. तुमची सही मी घेतली."

बाई दाराला धरलेला हात न काढता उभ्या राहिल्या. मग आत वळल्या, खुर्चीत बसल्या. "वाच."

तिने दोन्ही इतिवृत्तं वाचली, जुनं आणि आजचं. बाई मान कलती करून ऐकत होत्या, जसं त्या कडेकडेने सगळंच बघायच्या.

"ही वही फिरवायची पद्धत कोणी पाडली, माहीत आहे?" मध्येच त्या म्हणाल्या. "मी. एका पावसाळ्यात कोणी येईना, म्हटलं काय फरक पडतो. लोक म्हणायचे, बाई, तुम्ही लिहिलंय ना, मग द्या. मला बरं वाटायचं गं. मान वाटायचा तो." त्यांच्या तोंडावर ठकीच्या आईला जे दिसलं तो राग नव्हता. रागापेक्षा वाईट होतं. "पुढे वाच."

"बाजूने चार. विरोधात चार, दातांचे डॉक्टर धरून."

"अगं बाई! आणि मी त्याला किती शिव्या घातल्या मनातल्या मनात."

"तटस्थ एक. अध्यक्षांच्या निर्णायक मताने ठराव मंजूर."

"तटस्थ कोण?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. ती थांबेपर्यंत ठकीच्या आईने वाट पाहिली.

"मी नोंद घेत होते, बाई."

बाईंनी मान हलवली. तिला वाटलं, मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच.

"मी आणून देईन तुम्हाला पुस्तकं," ती घाईघाईने म्हणाली. "दर आठवड्याला. ठकीच्या पिशवीतून. एक दिवस चुकवणार नाही."

"मला आणून देशील. मग तुला रात्री झोप लागेल." बाईंच्या आवाजात धार नव्हती, म्हणून ते जास्त खोल गेलं. "आणि बाकीच्या बावीस जणांना?"

"त्यांना पत्र जाणार आहे. साहेबांनी मजकूर दिलाय. छापून..."

"पत्र?" बाई आता पहिल्यांदा तिच्याकडे सरळ वळल्या, म्हणजे त्यांच्या डागाच्या मधोमध आता ती असणार, आणि दिसत नसणार. "अगं, निम्म्यांना ते दिसायचं नाही. कोणाकडून वाचून घेतील? तू जा. घरोघर वही फिरवायला पाय होते ना तुला? त्याच पायांनी जा आणि सांग. ठरावाचं सांग, आणि तू काय केलंस तेही सांग. माझ्याकडे सांगितलंस तसं दारातच सांग, आत बसून चहा घेऊ नकोस."

"हो, बाई."

"आणि मला पुस्तकं आणू नकोस. निदान इतक्यात नको."

ती जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली नाही.

बाईंच्या गल्लीतून वळलं की पुढच्याच इमारतीत तळमजल्यावर शिंपीकाका राहत. कमरेचं हाड मोडल्यापासून मशीन बंद होतं, त्यावर कापड टाकून त्यांनी पुस्तकांचं टेबल केलं होतं. खिडकी उघडी होती. तिने पदर सारखा केला, रिकामे हात एकमेकांत धरले, सोडले, आणि दार वाजवलं.

"कोण? ग्रंथपाल का?" आतून काठीचा आवाज जवळ येऊ लागला. "आज गुरुवार नाही, तरी आलास? थांब, थांब, उघडतो. आली का रे पुस्तकं?"

"नाही, काका," ती बंद दाराला म्हणाली. "मी आहे. वाचनालयातून आलेय. तुम्ही सावकाश या. मला सांगायचंय काहीतरी, आणि ते मी इथे उभी राहूनच सांगणार आहे."